ओहळाच्या काठची यकृतका आणि आपली शेती

पावसाळा लागला म्हणजे आपल्या डहाणू-तलासरीच्या मुलखात नजर जाईल तिकडे हिरवेगार होऊन जाते. ह्या हिरवळीत पीक किती, गवत किती आणि झाडपाला किती, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. परंतु ह्याच हिरवळीचा आणखी एक भाग असा आहे की, त्याजकडे पाहावयास आपणांस क्वचितच सवड होते. ओहळाच्या ओल्या दरडीवर, गर्द सावलीतल्या मातीवर, जुन्या विहिरीच्या आतील दगडांवर जो चपटा व जमिनीस घट्ट चिकटलेला हिरवा पापुद्रा दिसतो, त्यास आपण सरसकट 'शेवाळ' म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्यांतील पुष्कळसे शेवाळ नव्हे. ती वेगळ्याच वर्गातील वनस्पती असून मराठी शास्त्रीय लेखनात तिला 'यकृतका' असे नाव दिलेले आहे. ह्या वनस्पतीची ओळख करून द्यावी, रानात वाढणाऱ्या तिच्या जातींवर कोणते संकट आहे ते सांगावे, आणि त्या राखण्याचे काम बऱ्याच अंशी जमीनधारकाच्याच हाती कसे आहे हे वाचकांपुढे मांडावे, एवढ्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहो.

जिला ना दाणा, ना फळ, ना गुरांस चारा, अशा वनस्पतीची चौकशी शेतकऱ्याने कशास करावी, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्तच आहे. यकृतकेपासून आपणांस पैचेही उत्पन्न नाही, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. परंतु ती जेथे राहते ती जागा मात्र आपल्या मोठ्या उपयोगाची आहे. ती जागा बिघडली की यकृतका प्रथम जाते आणि आपले नुकसान मागाहून होते.

यकृतका म्हणजे काय?

यूरोपातील जुन्या वैद्यांची अशी समजूत होती की, वनस्पतीचा आकार शरीराच्या ज्या अवयवासारखा असेल त्या अवयवाच्या रोगावर ती गुणकारी असते. ह्या चपट्या वनस्पतीचे खंड त्यांस यकृताच्या खंडांसारखे दिसले आणि म्हणून तिचे तसे नाव पडले. मराठी नाव त्यावरूनच बनविलेले आहे. ती समजूत शास्त्राच्या कसोटीस उतरली नाही, नाव मात्र टिकले.

यकृतकेस खरे मूळ नसते. अंगाच्या खालच्या बाजूस मुळांसारखे बारीक केस असतात, ते तिला मातीस धरून ठेवतात. पाणी वर चढविणाऱ्या शिराही तिच्या अंगी नाहीत. भाताचे रोप किंवा चिकूचे झाड जमिनीतील खोल ओल मुळांनी ओढून घेते, तसे हिला करता येत नाही. अंगावर पडेल ते पाणी व सभोवती असेल तो ओलावा ती बहुतांशी सर्वांगाने शोषून घेते. तिला फूल येत नाही आणि बीही धरत नाही. नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन मादीच्या पेशीस मिळतात, आणि त्यापासून पुढे धुळीसारखी सूक्ष्म बीजुके तयार होतात. ऐन वेळी पाण्याचा हा थर नसेल तर फळधारणाच होत नाही. सारांश, हवा, पाणी व सावली ह्यांत थोडाही फरक पडला तरी तो ह्या वनस्पतीस टाळता येत नाही.

असे असूनही हिचे कूळ फार प्राचीन आहे. जमिनीवर वसाहत करणाऱ्या पहिल्या वनस्पती यकृतकांसारख्याच असाव्यात, असे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडलेल्या बीजुकांवरून मानले जाते. आज जगात तिच्या सुमारे सात हजार जाती आहेत, आणि हिंदुस्थानात सुमारे नऊशेंची नोंद झालेली आहे.

आपल्या देशात ह्या विषयाचा पाया घालण्याचा मान लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप (१८८२–१९३४) ह्यांजकडे जातो. पश्चिम हिमालय व पंजाबचे मैदान येथील यकृतकांवरील त्यांचा ग्रंथ १९२९ व १९३२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. आपल्या अंगणाजवळचे उदाहरण पाहावयाचे तर, १९३७ साली बडोद्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ चव्हाण ह्यांनी 'सायथोडियम' ह्या वंशातील एका यकृतकेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि बडोदे शहरावरून तिला 'बरोडी' हे नाव दिले. म्हणजे ज्या वनस्पतीकडे आपण शेवाळ म्हणून पाठ फिरवितो, तिच्यापायी आपल्या उत्तरेच्या शेजारातील एका शहराचे नाव जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसले आहे.

सर्वच दुर्मिळ नव्हेत

यकृतका धोक्यात आहेत असे म्हटले म्हणजे सरसकट सर्व जाती नष्ट होत आहेत असे नव्हे. येथे भेद करावयास पाहिजे, नाही तर चुकीची वस्तू राखण्यात श्रम जातील.

भातकापणीनंतर ओलसर खाचरात व बांधावर चवलीएवढ्या चकत्या उगवलेल्या दिसतात. त्यांचे फाटे दोन-दोन होत गेलेले असतात. ह्या 'रिक्सिया' वंशातील होत. त्यांची बीजुके अंगातच तयार होतात व अंग कुजल्यावर तेथल्या तेथे मातीत मिसळतात. पुढे ती चिखलाबरोबर गुरांच्या खुरांस व माणसांच्या पायांस चिकटून दुसऱ्या शेतात जातात. उघड्या जमिनीवर वाढणाऱ्या ह्या जातींस नांगराचे भय नाही. थंड हवेच्या प्रदेशांतील रोपवाटिकांत 'मार्कांशिया' नावाची यकृतका कुंड्यांतील मातीवर इतकी माजते की, बागवान तिला तण समजून काढून टाकतात. तिचीही काळजी करावयास नको.

'प्लॅजिओकॅझ्मा' ही तिसरी तऱ्हा. ती कातळावर व दगडी भिंतींवर वाढते. पाऊस गेला म्हणजे तिच्या पट्ट्यांच्या कडा आत वळतात, खालचा काळा-जांभळा भाग वर येतो, आणि ती जळून गेली असे वाटते. पहिल्या सरी आल्या की ती पुन्हा उलगडते व हिरवी होते. उन्हाळा सोसण्याची ही तिची युक्ती आहे.

खरी नाजूक ती सावलीतली. वर सांगितलेली सायथोडियम हे तिचे उत्तम उदाहरण. यकृतकांतही इतके पातळ अंग थोडकीचेच असेल. ती गुहांच्या तोंडाशी, दरडीच्या पोटात, झाडांच्या मुळांखालील पोकळीत अशा अंधुक उजेडाच्या जागी पावसाळ्यात वाढते. तिच्या पेशी मिळालेला थोडासा उजेड असा परतवितात की, ती पिवळसर हिरव्या तेजाने चमकते. प्रकाश तिचा स्वतःचा नसतो, आरशासारखा परतविलेला असतो. ह्याच वंशातील एक जात अंगाच्या टोकास बारीक गाठी धरते, आणि पावसाळा सरल्यावर वरचे अंग नाहीसे झाले तरी ह्या गाठी मातीत जिवंत राहून पुढील वर्षी फुटतात. हळदीचा गड्डा जमिनीत निजतो, तसाच हा प्रकार होय. मात्र फरक असा की, हळद त्यामानाने खोल असते, आणि ह्या गाठी मातीच्या अगदी वरच्या थरात असतात. पुढे सांगावयाच्या गोष्टीत हा फरक महत्त्वाचा आहे.

धोका कल्पनेतला नव्हे

२००० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या तज्ज्ञांनी यकृतका, हरिता व शृंगका ह्या तिन्ही वर्गांच्या रक्षणाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेल्या धोक्यातील जातींत, प्राध्यापक कश्यप ह्यांनी १९१४ साली पश्चिम हिमालयातून वर्णिलेली 'एचिसोनिएला हिमालयेन्सिस' ही यकृतकाही आहे. वाघ-गेंड्यास शिकारी मारतो, चंदनास चोर तोडतो, परंतु ह्या वनस्पतीस मुद्दाम कोणी हात लावीत नाही. डोंगरातील रस्ते, घरे व तोड ह्यांनी तिच्या राहण्याच्या जागाच उरत नाहीत. तिचा शत्रू एक माणूस नसून आपली सर्वांची घाई हा आहे.

आपल्या दोन तालुक्यांतील रान हिमालयासारखे थंड नव्हे. साग, ऐन, खैर, धावडा, मोह, पळस ह्यांचे हे पानगळीचे रान आहे. फाल्गुन-चैत्रात ते उघडे पडते, आणि पावसाळ्यात पुन्हा भरते. अशा रानात सावलीच्या यकृतकेस सर्वत्र जागा नसते. तिची वस्ती ओहळाच्या दोन्ही काठांची अरुंद पट्टी, दरडीचे उत्तरेकडील अंग, आणि देवाच्या स्थानाभोवती राखलेले रान एवढ्यापुरतीच असावयाची. म्हणून येथे रान किती हेक्टर उरले ह्यापेक्षा ह्या पट्ट्या किती उरल्या, हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

ह्या पट्ट्यांवर मुख्यतः पाच बाजूंनी घाला येतो.

पहिला वणवा. मोहाची फुले वेचण्यास जमीन स्वच्छ व्हावी, गवतास नवा फुटवा यावा, किंवा विडीचे थोटूक पडले, अशा कोणत्याही कारणाने पाचोळा पेटतो. मोठे झाड तगते, परंतु वरच्या बोटभर मातीत निजलेल्या गाठी व बीजुके भाजून निघतात. पाचोळा गेल्यामुळे मृगाच्या पहिल्या सरी उघड्या जमिनीवर आपटतात, आणि धुपून आलेला गाळ खालच्या दरडीवर बसतो. त्याखाली उरलेसुरले गाडले जाते.

दुसरा राब. ह्याविषयी आम्हांस सविस्तर लिहावयाचे आहे, कारण हा आपल्या घरचा प्रश्न आहे. भाताच्या रोपासाठी शेण, झाडाच्या डहाळ्या, पाला, गवत व माती ह्यांचे थर रचून जाळण्याची आपली रीत जुनी आहे आणि ती अडाणीपणाची नव्हे. तीमुळे तणाचे बी मरते व राखेचे खत मिळते. ठाणे-कुलाब्याच्या रयतेस ह्या राबासाठी रानातील डहाळी तोडण्यास मनाई होऊ लागली, तेव्हा इतका असंतोष माजला की मुंबई सरकारास १८८५ साली चौकशी मंडळ नेमावे लागले, आणि त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर पडला. तेव्हा रान फार होते व खाणारी तोंडे थोडी होती. आता रान आटले आणि शेते वाढली. ओहळाकाठचे ऐनाचे झाड दरवर्षी बोडके केले तर त्याची सावली नाहीशी होते, आणि सावलीबरोबर दरडीची ओलही जाते.

तिसरा घाला खोदकामाचा. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती लोहमार्ग व मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग आपल्याच तालुक्यांतून जात आहेत, आणि वाढवण बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बसली. ह्या कामांचे बरेवाईट सांगणे हा ह्या लेखाचा हेतू नाही. एवढेच लक्षात आणून द्यावयाचे की, बांधकामास दगड व मुरूम लागतो, आणि तो कोठल्या तरी टेकडीतूनच यावा लागतो.

चौथा घाला आपल्या फवाऱ्याचा. बांध स्वच्छ करण्याच्या हौसेने तणनाशक थेट ओहळाच्या काठापर्यंत मारण्याची चाल पडली आहे. जी वनस्पती सर्वांगाने पाणी पिते, ती त्या पाण्यातील विषही सर्वांगाने पिणार, हे उघड आहे.

पाचवा हवेचा. कोळशाच्या धुरातील गंधकवायू यकृतका व हरिता ह्यांस फार बाधतो, आणि यूरोपातील कारखान्यांच्या शहरांभोवती त्या नाहीशा झाल्याचा अनुभव जुना आहे. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राविषयी चिकू-बागायतदारांनी जी हाकाटी केली ती ह्याच वायूच्या भीतीने. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला, आणि त्याभोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यातही उद्योगांवर निर्बंध घातले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या आग्रहामुळेच वीजकेंद्रात गंधकवायू अडविणारी यंत्रणा बसली. बागांच्या रक्षणासाठी केलेल्या ह्या खटाटोपाने दरडीवरच्या यकृतकेचेही रक्षण झाले. दोघांचे हित एकच कसे असते, ह्याचा हा ढळढळीत दाखला होय.

शेतकऱ्याचा त्यात लाभ कोणता?

यकृतका पाणी साठवून विहिरी भरते, असे आम्ही म्हणत नाही. तिच्या बोटभर अंगात साठणार तरी किती! परंतु उघड्या दरडीवर प्रथम वस्ती करून मातीचे कण धरून ठेवण्याचे काम ती व तिच्या बहिणी हरिता करतात, आणि मागाहून नेचे व झुडपे तेथे रुजतात. शिवाय ती साक्षीदार आहे. ज्या काठावर ती श्रावण-भाद्रपदात भरपूर दिसते, त्या काठास सावली आहे, पाचोळा आहे, माती स्थिर आहे आणि पाझर चालू आहे, असे समजण्यास हरकत नाही. जेथे ती काही वर्षांपूर्वी होती व आता नाही, तेथे ह्यांपैकी एक तरी गोष्ट बिघडलेली आहे. ओहळ पौषात आटू लागला म्हणजे आपण जागे होतो. यकृतका त्याच्या पुष्कळ आधी सांगत असते.

डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ह्याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. हा चिकू उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर जगतो, आणि त्याचे कलम ज्या खिरणीच्या म्हणजे रायणीच्या खुंटावर बांधतात, ते मूळचे रानातील झाड आहे. बागेचे रानाशी नाते किती जवळचे आहे, हे सांगावयास आणखी पुरावा कशास पाहिजे?

काय करता येईल?

पुढील सूचना आम्ही अशाच निवडल्या आहेत की, ज्यांस मोठा खर्च नाही.

१. आपल्या मालकीतून ओहळ जात असेल तर दोन्ही काठांस दहा-दहा हात पट्टी राखावी. तीत नांगर, आग, कुऱ्हाड व तणनाशक ह्यांपैकी काहीही जाऊ देऊ नये. गुरांस पाण्यावर उतरण्यास एकच वाट ठेवावी.

२. राबाचे क्षेत्र कमी करावे. रूढ पद्धतीने एक हेक्टर लावणीस सुमारे १० आर रोपवाटिका लागते, आणि श्री पद्धतीने सुमारे एक आर पुरते. कोकणात प्रसार पावलेल्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेस भाताच्या तुसाची राख घालतात, आणि चिखलणीस गिरिपुष्पाचा पाला गाडतात. बांधावर गिरिपुष्प लावले म्हणजे ओहळाकाठचा ऐन बोडका करावा लागत नाही. ह्याविषयी कोसबाडचे कृषि विज्ञान केंद्र व दापोलीचे कोकण कृषि विद्यापीठ येथे चौकशी करावी.

३. माघ महिन्यातच रानाच्या व मालकीच्या सीमेवरील पाचोळा झाडून आगपट्टा मोकळा ठेवावा. मोहाखाली जाळण्याऐवजी झाडणी करावी.

४. जुन्या विहिरीचे आतील दगड भक्कम असतील तर केवळ शोभेसाठी त्यांवर सिमेंटचा गिलावा करू नये.

५. यकृतका उपटून घरी लावण्याच्या भरीस पडू नये. ती जागा सोडून जगत नाही. ओळख पटवावयाची असल्यास रुपयाएवढा तुकडा मातीसकट काढावा, कागदाच्या पुडीत सावलीत वाळवावा, पुडीवर ठिकाण, तारीख व माती की दगड हे लिहावे, आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे विचारणा करावी.

६. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती व लोकांची जैवविविधता नोंदवही असावयास पाहिजे. त्या नोंदवहीत गावातील ओहळ, झरे व देवाची राने ह्यांची नोंद करवावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा हक्कही ग्रामसभेस दिला आहे.

लहान जागेस संरक्षण मिळत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने आंबोलीकडे पाहावे. तेथे हिरण्यकेशीच्या उगमाजवळील दोन-अडीच हेक्टर जागा एका बोटभर लांबीच्या माशासाठी २०२१ साली वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. वाघ्या देवाच्या स्थानाभोवती कुऱ्हाड न चालविण्याची जी मर्यादा आपल्या वारली बांधवांनी पाळली, तिचे मोल तर कायद्याहूनही जुने आहे. अशा देवराया हा निसर्गरक्षणाचाच मार्ग होय, हे वर्तक व गाडगीळ ह्या अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. रान जळाले म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्या गरिबाकडे बोट दाखविण्याची सवय आपणां जमीनधारकांस आहे. त्यास दुसरे सरपण नाही आणि दुसरी मजुरीही नाही. परंतु ज्याच्या सातबाऱ्यावर ओहळाचा काठ आहे, ज्याच्या राबासाठी डहाळी येते आणि ज्याच्या फवाऱ्यात विष भरलेले असते, तो मोळीवाला नव्हे, तो आपल्यापैकीच आहे. म्हणून आरंभ आपण केला पाहिजे. दहा हातांची पट्टी सोडल्याने कोणा शेतकऱ्याचे घर बुडाले असे आम्ही ऐकले नाही. काठ ढासळून खाचर वाहून गेल्याने आणि चैत्रात विहीर कोरडी पडल्याने मात्र अनेकांची बाग वाळली आहे. येत्या श्रावणात पाऊस उघडेल तेव्हा प्रत्येकाने आपल्या ओहळाच्या काठी एकवार वाकून पाहावे, आणि ती हिरवी चकती तेथे असेल तर ती पट्टी त्याच वर्षापासून राखावयास घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.